मॅनेजर ‘एफवायआय’ लिहितात, मग माझं ‘पीएलझेड’ का चालत नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एका कारखान्याच्या खरेदी विभागात नव्याने लागला आहात. सुधारित ऑर्डर तयार झाल्यावर तुम्ही साहेबांना मेल केला: ‘सर, पीएफए रिव्हाइज्ड पीओ. पीएलझेड चेक एन रिव्हर्ट एएसएपी, व्हेंडर वेटिंग. टीवाय.’ (म्हणजे: सुधारित पर्चेस ऑर्डर सोबत जोडली आहे, कृपया तपासून लवकरात लवकर उत्तर द्या, पुरवठादार थांबलाय, धन्यवाद.) साहेबांनी चारचौघांत ऐकवलं, की व्हॉट्सअॅपची भाषा ऑफिसात चालणार नाही. त्याच संध्याकाळी त्यांचा मेल आला आणि त्यात ‘एफवायआय’ (माहितीसाठी), ‘ईओडी’ (दिवसअखेर), ‘एमओएम’ (बैठकीचं इतिवृत्त) असं सगळं होतं. हा दुटप्पीपणा नाही का, असं तुम्ही विचारता. आणि काय चालतं, काय चालत नाही, ते एकदाचं सांगा म्हणता.

दुटप्पीपणा थोडा आहेच. वरून खाली येणाऱ्या मेलला जी सूट मिळते ती खालून वर जाणाऱ्या मेलला मिळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसांत हे असंच चालतं आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण साहेब चिडले त्याला दुसरंही कारण असावं, आणि ते त्यांना नीट सांगता आलेलं नाही. कंपन्यांमधून पत्रव्यवहार शिकवताना लोकांचे मेल वाचणं हेच माझं काम. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. संक्षेप लिहिणाऱ्याचे दोन सेकंद वाचवतो आणि ते वाचणाऱ्याकडून वसूल करतो. वाचणारा एकच असेल आणि त्याला तो संक्षेप पाठ असेल, तर वसुली शून्य, खुशाल वापरा. पण ऑफिसातला मेल एका माणसापाशी थांबत नाही. तो पुढे ढकलला जातो, लेखा विभागात जातो, पुरवठादाराकडे जातो, दोन वर्षांनी ऑडिटरसमोर उघडतो. तेव्हा त्या दोन सेकंदांची किंमत कोण मोजणार, एवढंच पाहायचं. शिष्टाचाराचा मुद्दा त्यानंतर.

तुमच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. फोनवरची ही तोडमोड आळसातून जन्मलेली नाही. जर्मन अभियंते फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी १९८५ च्या सुमारास पोस्टकार्डांवरचे आणि टेलेक्सचे मजकूर पाहून अंदाज बांधला, की छोट्या निरोपाला १६० अक्षरं पुरतात. तीच मर्यादा एसएमएसला लागली. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला ब्रिटनमध्ये व्होडाफोनच्या जाळ्यावरून गेला. त्यात ‘मेरी ख्रिसमस’ एवढंच होतं. आपल्याकडे मोबाइल आले तेव्हा प्रत्येक एसएमएसला पैसे पडत आणि दिवाळीला, नववर्षाला तर स्वस्तातलं पॅकही लागू होत नसे. देवनागरीत लिहायचं म्हटलं तर आणखी पंचाईत. रोमन अक्षर ७ बिटांत बसतं, देवनागरीला १६ लागतात, त्यामुळे १६० ची मर्यादा थेट ७० वर यायची आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जायच्या. मग मराठी माणूस रोमन लिपीत गेला आणि तिथे स्वर गाळायला लागला. ‘बरोबर’मधले सगळे स्वर गेले आणि बी-आर-बी-आर उरलं. अमराठी सहकाऱ्याला त्यात ‘आत्ता येतो’ अशा अर्थाचा इंग्रजी संक्षेप दिसला, तर त्याचा काय दोष?

बटणांचं गणितही होतं. जुन्या नोकियावर इंग्रजी ‘यू’ हा शब्द तिन्ही अक्षरांसह लिहायला नऊचं बटण तीनदा, सहाचं तीनदा आणि आठचं दोनदा दाबावं लागे, म्हणजे आठ दाब. एकटं ‘यू’ अक्षर दोन दाबांत व्हायचं. त्याआधी तारेतही शब्दागणिक पैसे पडत, म्हणून तारेची भाषाही अशीच तुटक असे. ती तार १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. एसएमएसचे पैसे मोजणं संपलं, बटणं गेली, आताचा कीबोर्ड अर्धा शब्द टाइप करताच पूर्ण शब्द पुढे करतो. कारणं गेली आणि सवय तेवढी राहिली. मेलला तर अक्षरांची मर्यादा कधी नव्हतीच.

आता दुसरी बाजू. औपचारिक लेखनात संक्षेप म्हणजे पाप, असं सांगणाऱ्यांनी आजोबांच्या ट्रंकेतली पत्रं काढून पाहावीत. सुरुवातीलाच ‘सा. न. वि. वि.’, मग ‘ती.’, ‘चि.’, ‘सौ. कां.’, ‘रा. रा.’, शेवटी ‘ता. क.’ आणि पाकिटावर ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’. लग्नपत्रिकेपेक्षा औपचारिक कागद मराठी घरात छापला जात नाही, आणि तिच्यात पहिल्या ओळीपासून संक्षेप असतात. सरकारी पत्रात ‘जा. क्र.’, ‘मा.’, ‘दि.’, ‘शा. नि.’ आहेतच. यांच्यावर कुणी आक्षेप घेत नाही. ते नेहमी ठरलेल्या जागी येतात, त्या जागी त्यांचा एकच अर्थ होतो आणि पत्र ज्याच्या हाती पडणार त्याला तो आधीच ठाऊक असतो. (‘चि.’च्या जागी ‘कै.’ पडलं तर काय होतं ते छापखानेवाल्यांना विचारा.)

इंग्रजीतही तेच. ‘ओएमजी’ (‘ओह माय गॉड’) आजच्या पोरांनी काढलं असा समज आहे. ९ सप्टेंबर १९१७ ला ब्रिटिश नौदलाचे माजी प्रमुख अॅडमिरल लॉर्ड फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात ते आहे. फिशर तेव्हा ७६ वर्षांचे होते. मला त्यातली आवडणारी गोष्ट म्हणजे, संक्षेप लिहून त्यांनी लगेच कंसात त्याचं पूर्ण रूप दिलं. पहिल्या वेळी उलगडा, मग हवं तितक्या वेळा वापरा, हा नियम मी आज शिकवते तो त्या म्हाताऱ्याने मंत्र्याला लिहिताना पाळला होता.

तर तुमच्या साहेबांचे संक्षेप आणि तुमचे संक्षेप एका जातीचे नाहीत. जीएसटी, पॅन, पीएफ, जीएसएम ही तर आता नावंच झालीत. ती पूर्ण लिहिलीत तर उलट वाचणारा अडखळेल. एफवायआय, एमओएम, पीएफए ही ऑफिसची चलनी नाणी. त्यांचं रूप ठरलेलं आहे, कुठल्याही कंपनीत तसंच चालतं. ‘पीएलझेड’, ‘एन’, ‘टीवाय’, ‘यू’, ‘टीएचएक्स’ मात्र शब्दाची मोडतोड आहे. तिचं एक रूप ठरलेलं नाही. ‘प्लीज’च तीन-चार तऱ्हांनी तोडलेलं मी एकाच मेलसाखळीत पाहिलंय. घरी बाळ्या म्हणून हाक मारतात म्हणून मतदार यादीत कुणी बाळ्या लिहीत नाही, त्यातला हा प्रकार. साहेबांना ‘व्हॉट्सअॅपची भाषा’ म्हणताना बहुधा हेच म्हणायचं होतं.

मात्र साहेबांची नाणीही सगळी खणखणीत नाहीत. मोडतोड निदान ओळखू तरी येते. मला जास्त धोका वाटतो तो प्रतिष्ठित, आद्याक्षरी संक्षेपांचा, कारण ते प्रत्येक विभागात वेगळा अर्थ घेऊन बसलेले असतात आणि प्रत्येकाला आपलाच अर्थ जगन्मान्य वाटतो.

‘सीआर अप्रूव्ह्ड’ हे दोन शब्द घ्या. लेखा विभागात सीआर म्हणजे क्रेडिट, किंवा कोटी. सॉफ्टवेअरवाल्यांकडे सीआर म्हणजे कामात मागितलेला बदल. सरकारी नोकरीत हयात गेलेल्या माणसाला सीआर म्हटलं की गोपनीय अहवाल आठवतो, आणि कॉलेजातून कालच बाहेर पडलेल्याला वर्गप्रतिनिधी. टीडीएस म्हणा: सीएला मुळातून कापलेला कर दिसतो, डॉक्टरला दिवसातून तीनदा घ्यायची गोळी, आणि पाण्याचा फिल्टर विकणाऱ्याला पाण्यात विरघळलेले क्षार. पीयूसी म्हणजे गाडीच्या धुराचं प्रमाणपत्र, हे तुम्हाआम्हाला माहीत. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीत मात्र पीयूसी म्हणजे फाइलवर विचारासाठी ठेवलेला कागद. तुमच्या खरेदी विभागातच पाहा. तुमचं ‘पीओ’ म्हणजे पर्चेस ऑर्डर. बँकेत तोच प्रोबेशनरी ऑफिसर, आयटीत प्रॉडक्ट ओनर. आयातीच्या मालासाठी तुम्ही ‘एलसी’ लिहाल तेव्हा बँकेला पतपत्र कळेल, पण नव्याने लागलेल्या मराठी मुलाला आधी शाळा सोडल्याचा दाखलाच आठवणार. आणि सकाळी ग्रुपवर ‘जीएम सर’ पडलं की शुभ सकाळ म्हटलंय की जनरल मॅनेजरना हाक मारलीय, हे पुढचा शब्द येईपर्यंत कळत नाही.

हे सगळे संक्षेप आपापल्या खोलीत बिनचूक आहेत. सचिवालयातल्या माणसाने सचिवालयातल्याच माणसाला पीयूसी लिहिणं ही उत्तम कार्यालयीन भाषा आहे. कागद खोलीबाहेर गेला की घोळ होतो.

वेळेच्या संक्षेपांचं तर वेगळंच दुखणं आहे. ‘ईओडी’ म्हणजे दिवसअखेर, पण कुणाच्या दिवसाची? तुमचा ग्राहक न्यू जर्सीत असेल आणि त्याचा दिवस संध्याकाळी ५ ला संपत असेल, तर तिथल्या उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे २:३० वाजलेले असतात, हिवाळ्यात ३:३०. तो निवांत असतो, इकडे पुण्यातली टीम संध्याकाळी सातला धापा टाकत फाइल पाठवते. किंवा उलट: आपण आपली दिवसअखेर धरतो आणि त्याला तीच फाइल त्याच्या सकाळी हवी असते. ‘आयएसटी’ लिहून सुटका झाली असं समजू नका. भारतीय प्रमाणवेळ, आयर्लंडची उन्हाळी वेळ आणि इस्रायलची प्रमाणवेळ या तिघींचा संक्षेप तोच आहे. डब्लिनच्या माणसाबरोबर मीटिंग ठरवताना ‘४ पीएम आयएसटी’ लिहिणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. ‘५ जून, पुण्याच्या वेळेनुसार संध्याकाळी ६’ असं लिहा. साहेबांनी ‘ईओडी’ मागितलं तर उलट उत्तरात नुसतं ‘ओके सर’ न लिहिता ‘आज ६ पर्यंत पाठवते’ असं लिहा. त्यांना ६ नको असतील तर ते सांगतील. दोघांच्या डोक्यात एकच वेळ राहील, आणि तुम्ही त्यांची चूक काढली असंही कुणाला वाटणार नाही.

आता तुमचा मेल. त्यातलं मला सर्वांत खटकलेलं ‘पीएलझेड’ नाही. ते ‘एएसएपी’ आहे, आणि ते साहेबांनाही खटकलं नसेल, कारण ते स्वतः वापरत असतील. ‘लवकरात लवकर’ लिहिणाऱ्याने कधीपर्यंत हे ठरवलेलंच नसतं. ते ठरवण्याचं काम तो वाचणाऱ्यावर ढकलतो. तसंच ‘चेक’. काय तपासायचं? सगळी ऑर्डर? नुसता दर? तुमच्या मेलमध्ये जे तुटलंय ते अक्षरांपेक्षा जास्त आहे. काय हवंय याचा विचारच अर्धवट सुटलाय. तोच मेल मी असा लिहीन:

‘सर, सुधारित पर्चेस ऑर्डर सोबत जोडली आहे. दुसऱ्या पानावरचा दर आणि पोहोचवण्याची तारीख एवढंच बदललं आहे. गुरुवारी दुपारी ३ पर्यंत आपली मंजुरी मिळाली, तर पुरवठादार याच आठवड्यात माल भरू शकेल. धन्यवाद.’

हे लिहायला जास्तीचं एखादं मिनिट लागेल. पण साहेबांना ऑर्डर अथपासून इतिपर्यंत वाचावी लागणार नाही, तुम्हाला दोन वेळा आठवण करावी लागणार नाही, आणि पुरवठादाराने उद्या तक्रार केली तर कोणता बदल कधी कळवला ते मेलमध्येच आहे. इंग्रजीत लिहिणार असाल तरी साचा हाच. ‘रिव्हर्ट’चा ‘उत्तर द्या’ असा अर्थ मुख्यतः आपल्याकडे चालतो. परदेशी ग्राहकाला त्यातून ‘पूर्ववत करा’ असंही वाटू शकतं. तिथे सरळ ‘रिप्लाय’ म्हणा.

मोडलेल्या शब्दांविरुद्ध आणखी एक मुद्दा आहे आणि तो कुणीच सांगत नाही: शोध. ऑडिटच्या वेळी किंवा वादाच्या वेळी माणूस मेलबॉक्समध्ये ‘पेमेंट’ शब्द टाकून शोधतो. तुम्ही तो स्वर गाळून, प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेने लिहिला असेल, तर नेमका तुमचा पुरावाच सापडणार नाही. भाषांतराच्या यंत्रांचं आणि अंध सहकाऱ्यांसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तसंच. मोडका शब्द त्यांना मोडकाच दिसतो.

आणि लोकांना तो कसा वाटतो? यावर अभ्यास झालाय. स्टॅनफर्ड आणि टोरोंटो विद्यापीठांतल्या संशोधकांचा शोधनिबंध २०२४ मध्ये आला. आठ प्रयोग, ५,३०० हून अधिक लोक. निष्कर्ष असा, की संक्षेप वापरलेला निरोप कमी मनापासून आल्यासारखा वाटतो आणि त्याला उत्तर देण्याची इच्छाही कमी होते. कारणही त्यांनी दिलंय: वाचणाऱ्याला वाटतं, याने माझ्यासाठी फारसे कष्ट घेतले नाहीत. हा अभ्यास ऑफिसच्या मेलपुरता नव्हता, सर्वसाधारण निरोपांबद्दल होता. पण मला तो ऑफिसला जास्तच लागू वाटतो. तिथे उत्तर मिळवणं हाच तर लिहिण्याचा हेतू असतो.

म्हणून आभार, दिलगिरी, अभिनंदन आणि शोक या चार ठिकाणी मी एक अक्षरही तोडू देत नाही. यात मी हट्टी आहे. एखाद्याने रात्री जागून तुमचं काम उरकून दिलं आणि त्याला तुम्ही ‘टीवाय’ दोन अक्षरं दिलीत, तर ती न दिलेली बरी. सहकाऱ्याचे वडील गेल्याचा निरोप आला की ग्रुपवर ‘आरआयपी’, ‘आरआयपी’ अशी रांग लागते. तिथे ‘तुमच्या वडिलांबद्दल कळलं, फार वाईट वाटलं. ऑफिसच्या कामाची काळजी करू नका’ असं लिहायला कितीसा वेळ लागतो? पत्राच्या सुरुवातीच्या ‘आर/सर’बद्दलही (म्हणजे ‘रिस्पेक्टेड सर’) तेच. आदर दाखवायला शब्द लिहायचा आणि तोच तोडून एका अक्षराचा करायचा, याला काही अर्थ नाही. नुसतं ‘सर’ लिहा, ते पुरेसं आहे. ‘रिगार्ड्‌स’ मोडून लिहिण्यापेक्षा खाली फक्त नाव लिहिलेलं चांगलं.

आता ‘के’ (म्हणजे तोडलेलं ‘ओके’) आणि अंगठ्याच्या चित्राबद्दल. तुम्ही ते विचारलेलं नाही, पण खरेदी विभागात असल्यामुळे तुम्हाला हे माहीत हवंच.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातली गोष्ट. मार्च २०२१ मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने एका शेतकऱ्याला ८७ मेट्रिक टन जवसाच्या कराराचा फोटो फोनवर पाठवला आणि ‘कृपया करार निश्चित करा’ असं लिहिलं. शेतकऱ्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. पुढे जवसाचे भाव चढले आणि नोव्हेंबरमध्ये माल आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे ‘मिळालं’ एवढंच, ‘मान्य’ नव्हे. जून २०२३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की तो अंगठा म्हणजे सहीच, आणि ८२,००० डॉलरहून जास्त भरपाई ठोठावली. डिसेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. या निकालात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पूर्वीच्या व्यवहारांचा दाखला. त्याच शेतकऱ्याने आधीच्या करारांना ‘लुक्स गुड’, ‘ओके’, ‘यप’ अशी एक-दोन शब्दांची उत्तरं देऊन माल पोहोचवला होता. म्हणजे त्याच्या तुटक उत्तरांना होकाराचा अर्थ त्यानेच लावून ठेवला होता.

हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण इथेही फोनवरचा मजकूर हवेत विरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ सांगतं, की करार इलेक्ट्रॉनिक साधनांनी झाला एवढ्या कारणावरून तो अवैध ठरत नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून कशा दाखल करायच्या ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. त्याआधी जुन्या कायद्याचं ६५ब होतं. आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच एका प्रकरणात व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असं मानलं, कारण निरोप पोहोचल्याचं आणि जोडलेली फाइल उघडल्याचं खुणांवरून दिसत होतं.

तेव्हा पुरवठादाराने दर पाठवला आणि तुम्ही वाचल्याची खूण म्हणून ‘के’ लिहिलंत, तर उद्या तो म्हणेल, दर मान्य झाला होता. ‘दरपत्रक मिळालं. मान्यतेबद्दल नंतर कळवते’ असं लिहायची सवय आजच लावा. मिळालं, पाहिलं, पटलं आणि मान्य केलं या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि ‘ओके’च्या पोटात चारही मावतात. ज्याला जी सोयीची ती तो काढतो.

संक्षेपांमुळे पैशापेक्षा मोठं नुकसान होऊ शकतं अशी एक जागा म्हणजे रुग्णालय. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये वापरू नयेत अशा संक्षेपांची यादीच काढली. यादीत ‘युनिट’साठी एकटं ‘यू’ अक्षर आहे. घाईत लिहिलेलं ते अक्षर शून्यासारखं किंवा चारच्या आकड्यासारखं दिसतं. इन्शुलिनचे ४ युनिट ४० किंवा ४४ वाचले जाऊ शकतात. एक अक्षर वाचवायची ही किंमत. पूर्णांकापुढे दशांशचिन्ह देऊन शून्य लिहायलाही तिथे मनाई आहे, कारण मधला ठिपका दिसला नाही की डोस दहापट होतो. तुमच्या ऑर्डरमध्ये जीव जाणार नाही, पण ‘नग’ आणि ‘डझन’, ‘हजार’ आणि ‘लाख’ यांच्या जागी एकेक अक्षर लिहिताना ही यादी आठवा. आकड्याला चिकटलेला संक्षेप नेहमी जास्त धोक्याचा. परदेशी व्यवहारात ‘एम’ कुणाला हजार वाटतो, कुणाला दशलक्ष. तिथे आकडा पूर्ण लिहा आणि तारखेत महिना अक्षरांत लिहा.

मग चॅटवर काय? टीम्स, स्लॅक, ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुप यांवर एवढा सोवळेपणा नको. तिथे ‘पीएलझेड’ लिहिलंत तर आभाळ कोसळत नाही, आणि दर वाक्याला ‘आदरणीय महोदय’ लिहिणारा माणूस तिथे विनोदी दिसतो. ‘येतेय, ५ मि.’ हा चॅटवरचा उत्तम निरोप आहे. पण रजा, पैसे, दर, तारीख, तक्रार यांतलं काहीही चॅटवर ठरलं, की दोन ओळींचा नीट मेल मागाहून पाठवा. ‘आज एसएल’ (आजारपणाची रजा) एवढं ग्रुपवर टाकून गप्प बसणाऱ्यांचे पगार कापले गेले की मग ते कुणाला कधी सांगितलं होतं ते शोधत बसतात.

ग्राहकाने स्वतःच तुटक लिहिलं तर? तो जितका मोकळा झालाय त्याच्या एक पायरी मागे राहा. तो ‘टीएचएक्स’ म्हणाला तर तुम्ही ‘थँक्स’ म्हणा. पहिल्या मेलमध्ये मात्र काहीच तोडू नका, समोरच्याची रीत अजून कळलेली नसते. आणि मराठीत लिहीत असाल, विशेषतः सरकारी कार्यालयाला, तर ‘प्लीज’ देवनागरीत लिहून त्याचं मराठी होत नाही, ‘कृपया’ आहे. पत्राचा जावक क्रमांक, दिनांक आणि संदर्भ त्यांच्या ठरलेल्या संक्षेपांनी द्या. आपल्या कंपनीचे घरगुती संक्षेप त्या पत्रात घुसवू नका.

साहेबांना जाऊन ‘तुम्हीही वापरता’ असं म्हणू नका, त्यातून काही निघणार नाही. त्यापेक्षा विभागात नेहमी लागणाऱ्या संक्षेपांचं एक पान तयार करा, प्रत्येकापुढे आपल्याकडचा एकच अर्थ लिहा, आणि ते साहेबांना तपासायला द्या. नवीन माणसालाच हे पान सर्वांत चांगलं करता येतं. जुन्यांना काय अडतं तेच दिसेनासं झालेलं असतं. मोठे प्रस्ताव आणि करार लिहिणारे हेच करतात: पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव, पुढे कंसात ‘यापुढे कंपनी असा उल्लेख’, आणि मग बिनधास्त छोटं रूप.

राहिला तुमच्या बोटांचा प्रश्न. इतक्या वर्षांची सवय एका झापण्याने जात नाही, आणि जायची गरजही नाही. फोनच्या कीबोर्डमध्ये वैयक्तिक शब्दकोश नावाची सोय असते, आउटलुकमध्ये ऑटोकरेक्टमध्ये तेच करता येतं: डाव्या बाजूला तुमचा संक्षेप टाका, उजवीकडे पूर्ण शब्द किंवा अख्खं वाक्य. मग तुम्ही ‘पीएलझेड’च टाइप करा, समोरच्याला ‘कृपया’ दिसेल. ‘पीएफए’ टाइप केलंत की ‘सोबत जोडलं आहे’ उमटेल. फक्त शोकाच्या आणि दिलगिरीच्या वाक्यांना ही सोय लावू नका. आणि इंग्रजीत खरोखर शब्द असलेली अक्षरं संक्षेप म्हणून नोंदवू नका, नाहीतर ते भलत्याच ठिकाणी उलगडतील आणि पाठवण्याआधी तुमच्या लक्षात यायचं नाही.